थांबा मास्तर

मास्तरांचा उजवा हात वर गेला की अख्खा बँड गप्प व्हायचा. हळूहळू नव्हे, एकदम. ट्रंपेटवाल्याच्या गालात भरलेली हवा तशीच राहायची, ढोलवाल्याची काठी हवेतच अडकायची. वरातीत नाचणारे पुढची दोनचार पावलं तालाशिवाय टाकायचे आणि मग खुळ्यासारखे इकडेतिकडे बघायचे. धुळ्यात त्यांना खऱ्या नावानं ओळखणारे थोडेच. 'थांबा मास्तर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आणून सोडायचा.

आधीच सांगून टाकतो, हे मी रागात लिहितोय. गेलेल्या माणसाबद्दल डोळे पुसत लिहायची आपल्याकडे रीत आहे, ती मला या खेपेला जमणार नाही. आणि मास्तर तरी कुठं शांत होते? सदा चिडलेले. चहा पातळ झाला म्हणून चिडायचे, क्लॅरनेटची पत्ती ओली राहिली म्हणून चिडायचे, नवरदेव घोड्यावर मोबाईल बघत बसला तर घोड्यावर चिडायचे. त्यांच्यावर गोडगोड लिहिलं तर त्यांनी मला अशा शिव्या घातल्या असत्या की त्या ऐकायला मजा, पण छापायची सोय नाही.

ते हात वर का करायचे, ते सांगतो. वरातीच्या वाटेवर ज्या घरी मयत झालेली असेल, जिथं माणसं 'दारावर' येऊन बसलेली असतील, तिथं बँडनं गप्प व्हायचं, घर ओलांडायचं आणि मगच पुन्हा वाजवायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. बाकीचे बँडवाले ती सवडीनं पाळायचे. मास्तर वरातीच्या दिवशी सकाळी उठून सगळी वाट पायी फिरून यायचे. चौकातल्या चहावाल्याला विचारायचे, न्हाव्याच्या दुकानात दाढी नसली तरी टेकायचे. गल्लीत कोण गेलं हे या दोघांना सगळ्यांच्या आधी कळतं, असा त्यांचा अनुभव होता. संध्याकाळी वाजवायला उभे राहिले की कुठल्या वळणावर हात वर करायचा हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असायचं.

एकदा एका नवरदेवाचा मामा उसळला. त्यांच्या लोकांना नाचायचा जोर आलेला आणि नेमका तेव्हाच हात वर गेला. "आम्ही बँड वाजवायला आणलाय की मुका चालवायला? आणि ते घर तर आपल्यातलं पण नाही," असं तो म्हणाला. मास्तर आवाज न चढवता बोलायला लागले की समजायचं, आता काही खरं नाही. ते म्हणाले, "तुमना आनंद धा पावलं थांबी, भाऊ. त्यासनं दुख कथं जाई? आनि मयतना घरले जात नही ऱ्हास." मास्तर मुसलमान, मामा हिंदू, मयत झालेलं घर कुणाचं होतं ते मी आजही सांगणार नाही, कारण मास्तरांनी तेव्हाही सांगितलं नव्हतं.

थांबण्यापेक्षा कठीण भाग पुढचा होता. घर ओलांडल्यावर गाणं पुन्हा मुखड्यापासून सुरू करायची त्यांची सक्त मनाई. जिथं सोडलं त्याच ठोक्यापासून धरायचं. एखादा नवा वाजंत्री चुकून पहिल्यापासून सुरू झाला की मास्तर वरातीतच त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. "जठे सोडं, तठून धर!" मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "पहिलापाईन लावं का त्या घरना मानसेसले वाटस, आपलामुळे यासनं गानं मोडनं. घरम्हा मयत पडेल शे, आनि वर हाऊ बोजा कसाले?" घरात प्रेत ठेवलेल्या माणसांना आपल्या गाण्याचा भार वाटू नये, एवढं बारीक हा तिरसट माणूस बघायचा. बायकोशी मात्र धड दोन वाक्यं गोड बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मी त्यांच्याकडे कीबोर्ड वाजवायला आलो तो जळगावहून, पिंप्राळ्यातून. त्यांनी माझं नाव विचारलं, ऐकलं आणि सोडून दिलं. ते सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारत. मी 'जळगाव'. ट्रंपेटवाला एरवी केळीच्या बागांत घड उतरवायला जायचा, तो 'यावल'. "ए जळगाव, बोटं लांब शेत, कान बी लांब कर," हे माझं त्यांच्याकडचं पहिलं शिक्षण.

मग डीजे आले आणि आमच्या बँडच्या मालकाची झोप उडाली. बँडच्या गाडीवर आम्ही एक सिक्वेन्सर ठेवलेला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सिक्वेन्सर म्हणजे नुसता हुकूम देणारा डबा. कुठला ठोका कधी पडायचा, कुठला सूर कधी लागायचा, हे सगळं त्याला पाठ. पण स्वतःचा आवाज काडीचा नाही. त्याला मिडीची तार लावून सॅम्पलर जोडावा लागतो. सॅम्पलरमध्ये खऱ्या ढोलाचे, ताशाचे, झांजेचे आवाज भरलेले असतात आणि हुकूम आला की तो ते बाहेर सोडतो. आमच्याकडे हुकूम देणारा होता, वाजवणारा नव्हता. मालक म्हणाला, "मास्तर, चांगला सॅम्पलर बघा. तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या सुरू होतील. या वर्षी आवाज दणदणीत पाहिजे, नाहीतर बँड बंद करून मी गाडी भाड्यानं देतो."

मला वाटलं, म्हातारा आता यंत्रांच्या नावानं बोटं मोडणार. कसलं काय! "मशीनले कसाले नावं ठेवस? क्लॅरनेट बी मशीनच शे," असं म्हणून ते दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर दुकानं धुंडाळायला निघाले. जाताना सिक्वेन्सर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "बाबा, काय आहे त्यात?" तर त्याच्यावरही चिडले.

जळगावच्या दुकानदारानं आमच्यापुढं नवंकोरं यंत्र ठेवलं. शेकडो आवाज, मोठी मेमरी, रंगीत दिवे. अख्खे ठेके तयार भरलेले. एक बटण दाबलं की ढोल, टाळ्या, शिट्टी, मधूनच कुणीतरी ओरडतोय, सगळी जत्रा आपोआप सुरू. मी खूश झालो. मास्तरांनी एकच प्रश्न विचारला, "हाई थांबस का?"

दुकानदाराला प्रश्नच कळला नाही. "थांबतं ना बाबा, हे बघा स्टॉप." त्यानं सिक्वेन्सरचं बटण दाबलं. सिक्वेन्सर थांबला. पण सॅम्पलरनं घेतलेला आवाज शेवटपर्यंत सोडूनच दम टाकला. झांज झणझणत राहिली, शिट्टी पूर्ण वाजली, ओरडणारा पूर्ण ओरडला. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "हाई थांबनं नही. हाई थकनं." आणि पायात चपला सरकवून दुकानाबाहेर.

रस्त्यात मी त्यांना समजावलं की अख्खा ठेका भरलेला असला की असंच होणार. एकदा सुटला की तो आपला शेवटपर्यंत जाणार. मधूनच तोडला, तरी पुन्हा धरताना पहिल्यापासूनच येणार. मी हे यंत्राची बाजू म्हणून सांगत होतो. त्यांनी ते यंत्रावरचा आरोप म्हणून ऐकलं. "म्हंजे थांबस बी नही, आनि जठे सोडं तठून धरस बी नही. मंग त्याना काय उपेग?"

मग आमची वणवण सुरू झाली. धुळ्यातली दुकानं झाली, मालेगाव झालं, एकदा सुरतेला जाऊन आलो. सगळीकडे तोच प्रश्न आणि तीच चप्पल. दुकानदार मेमरी सांगायचे, ब्लूटूथ सांगायचे, मास्तर 'थांबस का' विचारायचे. सुरतेच्या एका दुकानात तर कामाची माणसं गोळा होऊन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या गाडीत मी फणकारलो, "मास्तर, तुमच्या त्या थांबण्यापायी आपला धंदाच थांबायची वेळ आली! दुसऱ्यांनी सुपाऱ्या घेऊन टाकल्या." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ए जळगाव, वाजाडानं सगळा मशीनसले येस. मी ते इचारतच नही."

शेवटी यंत्र सापडलं दोंडाईचाला. स्टेशनजवळ एक गृहस्थ पिठाची गिरणी चालवायचे. पूर्वी त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. तो बंद पडल्यावर त्यांचा जुना सॅम्पलर बारदानात गुंडाळून गिरणीच्या माळ्यावर पडलेला. जेमतेम मेमरी, अख्खा ठेका मावायचाच नाही. एकेक सुटा ठोका भरायचा, बस. वर आणखी एक सोय होती, हुकूम असेपर्यंतच आवाज द्यायचा, हुकूम सुटला की तोंड मिटायचं. आम्ही त्यावरचं पीठ झटकलं, मिडीची तार लावली, सिक्वेन्सर सुरू केला. मास्तरांनी मधल्याच एका ठोक्याला स्टॉप दाबलं.

नुसता गिरणीचा पट्टा फिरत राहिला. बाकी काही नाही.

त्यांनी पुन्हा पुढं चालू केलं. जो ठोका पडायचा राहिला होता, तोच पडला. मास्तर हसले. तोंडभर, दात नसलेल्या हिरड्या दाखवत. गिरणीवाल्याला त्यांनी मिठीच मारली आणि अंगभर पीठ लावून घेतलं. "हाई थांबनं! जळगाव, दखं का? हाई थांबनं!" मग एका मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये आमच्याच माणसांना बसवून त्यांच्या ढोलाचा, ताशाचा, झांजेचा एकेक ठोका भरून घेतला. त्यासाठीसुद्धा मास्तरांनी सगळ्यांना शिव्या दिल्या, पण त्या दिवशीच्या शिव्या खुशीच्या होत्या.

त्यानंतरचे काही हंगाम आमचा बँड धुळ्यात गाजला. गाडीवर यंत्र, पुढं मास्तर, मधे माणसं, आणि हात वर गेला की माणसं आणि यंत्र एका क्षणी गप्प. सिक्वेन्सरच्या बटणावर माझं बोट असायचं आणि नजर त्यांच्या हातावर. एकदा एका मयतीच्या घरावरून आम्ही असे गेलो, तर दुसऱ्या दिवशी त्या घरातला माणूस आम्हाला शोधत टपरीवर आला. त्यानं सगळ्यांना चहा पाजला, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. मास्तर चहा पातळ असल्याबद्दल त्या दिवशी बोलले नाहीत.

आणि मग मालकाला दुर्बुद्धी सुचली. माझा राग इथून सुरू होतो. दुसऱ्या बँडचा आवाज मोठा म्हणून त्यानं आम्हाला न विचारता तसलंच दिव्यांचं यंत्र आणलं, जळगावच्या दुकानात आम्ही नाकारलं होतं तसलं. तयार ठेके, शिट्टी, 'नाचा रे' म्हणून ओरडणारा माणूस आत भरलेला. ते चालवायला एक ऑपरेटर ठेवला. आमचा सॅम्पलर त्यानं गाडीवरून काढून माझ्या हातात दिला, 'घेऊन जा घरी' म्हणाला. मास्तर त्या सॅम्पलरसाठी भांडायला गेले, तर त्यांना म्हणाला, "मास्तर, तुम्ही पुढं उभं राहून नुसता हात हलवा. पब्लिकला बरं दिसतं."

पुढच्याच वरातीत व्हायचं ते झालं. एका वळणावर घराबाहेर सतरंजी टाकून माणसं बसलेली होती. मास्तरांचा हात वर गेला. आमची माणसं थांबली, मी कीबोर्डवरून हात उचलले. यंत्र चालूच. ऑपरेटर कानाला हेडफोन लावून मोबाईलमध्ये गुंग. मी त्याच्या खांद्याला हलवलं तर म्हणाला, "मालकांनी सांगितलंय, मधे बंद करायचं नाही." नाचणारे नाचतच होते. शिट्टी वाजत होती. सतरंजीवरची माणसं मान खाली घालून बसली होती.

मास्तर त्या घराच्या दारासमोर गेले, घराकडे तोंड करून उभे राहिले आणि हात तसाच वर धरून ठेवला. वरात त्यांच्या पाठीमागून निघून गेली, गाडी गेली, जनरेटर गेला, तरी हात वरच. नंतर त्यांनी जरीचा कोट काढला, घडी केली, पुढं जाऊन मालकाच्या हातात दिला. "हात हालावाले बाहुली ठेव." एवढंच. मीही त्याच दिवशी बँड सोडला. यावल राहिला, कारण त्याला दुसरीकडे कुणी ट्रंपेट वाजवायला बोलावत नव्हतं. त्याच्यावर मी चिडलो होतो, तर मास्तर उलट माझ्यावरच उखडले, "त्याना पोटवर कसाले पाय देस?"

पुढं मी धुळ्याला गेलो की त्यांच्याकडे जायचो. ते खाटेवर बसून गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक वरातीला शिव्या द्यायचे. सॅम्पलर माझ्या पिंप्राळ्याच्या घरी होता, प्रत्येक भेटीत एकच विचारणा, "थांबस का अजून?" मी 'थांबतो' म्हटलं की मान हलवायचे आणि बायकोवर, म्हणजे आमच्या चाचींवर, चहासाठी ओरडायचे.

मागच्या लग्नसराईत ते गेले. फोन आला तसा मी जळगावहून मिळेल त्या गाडीनं निघालो. लेक सुरतेहून यायची होती म्हणून जनाजा थांबवलेला. गल्लीत सतरंजी टाकलेली, मी मास्तरांच्या थोरल्या मुलाशेजारी बसलो. दुपार कलत आलेली. आणि वळणावरून शिट्टी ऐकू आली.

बँड आमचाच. गाडीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत. मास्तर गेल्याचं मालकाला सकाळीच कळवलेलं होतं, हे मुलानं मला सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसानं जन्मभर परक्यांच्या दारासमोर तुमचा बँड थांबवला, त्याच्या दारावरून तुम्ही दणदणाट करत जाता? सकाळी वाट फिरून बघणारा कुणी राहिला नाही म्हणावं, तर इथं माहीत असून आले! पुढं वाजंत्री म्हणून फक्त यावल होता, शोभेला. त्यानं सतरंजी पाहिली, दार पाहिलं. ट्रंपेट खाली केलं आणि उजवा हात वर केला. मास्तरांसारखाच, सरळ.

यंत्र चालूच राहिलं. मी उठलो, गर्दीत घुसलो, गाडीवर चढलो आणि ऑपरेटरचा हात बाजूला ढकलून स्वतः स्टॉप दाबलं. ताल बंद पडला. पण शिट्टी पूर्ण वाजली, आणि तो आत भरलेला माणूस 'नाचा रे' असं पुरतं ओरडूनच गप्प झाला. मास्तरांच्या दारात, मास्तर आत असताना. त्या क्षणी ते यंत्र उचलून रस्त्यावर आपटावं असं मला वाटलं, आणि आपटलं नाही याचा मला अजूनही राग आहे. ऑपरेटर म्हणाला, "काका, थांबवलं ना? आता उतरा."

मी उतरलो. गाडी आवाज न करता दारावरून पुढं गेली, नाचणारे ओशाळून चालत गेले. यावल मात्र वरातीबरोबर गेला नाही. तो तिथंच उभा होता. गाडी कोपऱ्यापलीकडे दिसेनाशी झाली आणि पाठोपाठ शिट्टी, टाळ्या, मुखडा, सगळं नव्यानं सुरू झालं.

यावलनं डोक्यावरची बँडची टोपी काढली, माझ्या शेजारी सतरंजीवर बसला आणि दात आवळून म्हणाला, "पयल्यापासून लावलं ना भो त्यानं."